साडेचारनंतरची घड्याळे

जळगावच्या जुन्या बाजारपेठेतील एका व्यापारी संकुलात, पहिल्या मजल्यावर, आधार बैसाणे यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. जानेवारी २०२२ ते डिसेंबर २०२४ या तीन वर्षांत त्या दुकानात दोन हजार एकशे सहा घड्याळे दुरुस्तीला आली. त्यांपैकी दुपारी साडेचारनंतर आलेली एकेचाळीस. या एकेचाळीसपैकी छत्तीस घड्याळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आली.

हे आकडे संघमित्राबाईंनी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्वतः मोजले. खरे तर त्या मोजायला आल्या नव्हत्या. भावाची सही घ्यायला आल्या होत्या.

संघमित्राबाई म्हणजे आधारभाऊंची धाकटी बहीण. धुळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना बोलावले होते भाचीने. सपना जळगावातच, पिंप्राळ्यात राहत होती आणि तिने आपल्या घराची पुढची खोली रिकामी करून खिडकीपाशी टेबलही मांडून ठेवले होते. वडिलांनी बाजारातला गाळा सोडावा आणि घरी बसून जमेल तेवढी घड्याळे पाहावीत, एवढीच तिची इच्छा. गाळा परत करण्याचा अर्ज टाइप करून तयार होता. बुधवार ही शेवटची तारीख. त्यानंतर करार आपोआप पुढच्या तीन वर्षांसाठी बांधला जाणार होता.

"आत्या, पप्पा माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात," सपना फोनवर म्हणाली होती.

"माझंही ऐकत नाही गं. मी बोलत असते तेवढा वेळ गप्प बसतो."

"तेवढंही पुरे आहे. संध्याकाळी त्या मजल्यावर चिटपाखरू नसतं. अंधारात एकटे जिना उतरतात. काही झालं तर कळणार कोणाला?"

ही काळजी एकट्या सपनाची नव्हती. संघमित्राबाई जळगावला चालल्या आहेत हे कळताच शेजारच्या नूतनताईंनी "त्या मार्केटात संध्याकाळी थांबू नका, पर्स छातीशी धरा" असे बजावले. एसटीत एरंडोलपासून शेजारी बसलेल्या गृहस्थांनी न विचारता तेच सांगितले. संघमित्राबाईंची एक जुनी खोड होती. सांगणाऱ्याला त्या शांतपणे विचारत, "तुमच्या बाबतीत काय झालं होतं?" नूतनताईंच्या बाबतीत काही झाले नव्हते, त्यांच्या जावेच्या बहिणीने ऐकले होते. गृहस्थांचे एक ओळखीचे होते, त्यांच्या मेव्हण्याला कोणीतरी धक्का दिला होता. किंवा देणार होते. ऐकलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. घडलेली मात्र प्रत्येक वेळी एक घर पलीकडे राहत होती.

असे असले तरी पर्स त्यांनी छातीशीच धरली होती. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःशी कबूल केली. गेली चार वर्षे त्या भावाकडे येत तेव्हा सकाळच्या गाडीने येत आणि तीनच्या गाडीने परत फिरत. अंधारापूर्वी धुळे गाठलेले बरे, एवढेच त्याचे कारण. सपनाकडे मुक्काम करण्याची ही पहिलीच वेळ.

संकुलाच्या मधोमध रुंद जिना होता. अठरा पायऱ्या चढल्या की एक ऐसपैस टप्पा. तिथून उजवीकडे वर पाहिले की पश्चिमेची गॅलरी आणि तिच्यातली अकरा दुकाने एका ओळीत दिसत. आधारभाऊंचे दुकान चौथे. शेजारी रतिलालशेठ यांचे फॉल-पिको आणि ब्लाउजपीसचे दुकान.

"ये व माय, ये," डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवत आधारभाऊ म्हणाले. "कव्हयनी वाट पाही राह्यनू." धुळ्याहून जळगावला येऊन त्यांना अडतीस वर्षे झाली होती. गिऱ्हाइकाशी ते पुस्तकी मराठी बोलत. बहिणीशी मात्र घरची अहिराणी बाहेर येई आणि दोन वाक्यांनंतर दोघेही नकळत पुन्हा शाळेतल्या भाषेवर येत.

"सपनानं धाडलं ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"अर्ज आणलास?"

"पर्समध्ये आहे."

"राहू दे मग. पर्स सांभाळ. इथे चोर फार आहेत म्हणे." आणि ते स्वतःच हसले.

"तू पाहिलास का एखादा?"

"अडतीस वर्षांत? नाही ब्वा. पण सगळे म्हणतात म्हणजे असतील. गिऱ्हाईक येत नाही हे तर खरं ना. आधी रात्री साडेआठपर्यंत मान वर करायला फुरसत नसायची. आता चारनंतर दुकानात मी आणि भिंतीवरची घड्याळं. कोणी नसेल तर सहाला कुलूप लावतो. बठ्ठा मजला लावतो, सगळेच."

"आणि घरी बसलास तर?"

समोरच्या घड्याळाची पाठ आधारभाऊंनी चिमट्याने अलगद बसवली. "वच्छला गेली तेव्हा पंधरा दिवस घरीच बसलो होतो, संघमित्रा. घरात एकच घड्याळ होतं. त्याला काहीच झालेलं नव्हतं."

वच्छलावहिनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. बंधने जरा सैल होऊन दुकाने उघडली, त्या दिवशी गॅलरीतल्या अकराही दुकानांनी शटर अर्धे ओढून ठेवले होते. कोणी तसे सांगितले नव्हते. बाजारात ते सांगावे लागत नाही.

सहीचा विषय काढायला अजून सगळी दुपार पडली होती, म्हणून संघमित्राबाईंनी शेल्फवरच्या नोंदवह्या मांडीवर घेतल्या. घड्याळ पुढे धावते की मागे पडते हे ठरवायचे, तर ते हाती आले तो क्षण माहीत हवा. म्हणून आधारभाऊ प्रत्येक घड्याळापुढे तारखेबरोबर तास आणि मिनिटही लिहीत. अडतीस वर्षे त्यांनी ही शिस्त मोडली नव्हती आणि तिचा दुसरा काही उपयोग असेल हे त्यांच्या मनातही आले नव्हते. बहिणीच्या मात्र लगेच आले. चौतीस वर्षे त्या मुलांना हेच सांगत आल्या होत्या, की आधी नोंद, मग मत.

२०१९ च्या वहीत अर्ध्याहून अधिक घड्याळे साडेचारनंतरची होती. २०२२ पासून ती जवळपास नाहीशी झाली होती. मोबाइल आल्यापासून घड्याळे कमी झाली हे खरे. पण मोबाइल सकाळीही असतोच, आणि सकाळची गिऱ्हाइके टिकून होती. पुढे एक विचित्र गोष्ट दिसली. दिवसातले शेवटचे घड्याळ डिसेंबरात साडेतीनच्या अलीकडे येऊन जात होते, मार्चमध्ये चारच्या सुमारास, मेमध्ये साडेचारच्या जरा अलीकडे. आणि पावसाळ्यात मधूनच एखाद्या दिवशी सहा, सात, एकदा तर पावणेआठ.

"रतिलालशेठ," त्यांनी शेजारी हाक मारली, "तुमच्याकडे गिऱ्हाईक केव्हा थांबतं?"

"चार वाजता, ताई. घड्याळ लावून घ्या. टवाळ पोरं फिरतात ना."

"डिसेंबरात साडेतीनलाच थांबतं आणि मेमध्ये साडेचारला. टवाळ पोरं पंचांग बघून फिरतात का?"

रतिलालशेठनी मान तिरकी केली. "आधारभाऊ, बहीण तुमची वकिलीण आहे काय?"

"वकिलीण नाही, मास्तरीण. वकिलाला निदान फी देऊन गप्प करता येतं."

चार वाजले. आधारभाऊंनी उठून कोपऱ्यातली आकडीची काठी घेतली, शटर छातीपर्यंत खाली ओढले आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावले. शेजारी रतिलालशेठचे शटर खडखडले. मग त्यापलीकडचे. संघमित्राबाई वाकून बाहेर पडल्या. जिन्यावर किती माणसे चढतात हे त्यांना मोजायचे होते.

जिन्याच्या पायथ्याशी झुलाल यांची चहाची गाडी. झुलाल पन्नाशीचे, बोलके. संघमित्राबाईंनी चहा घेतला आणि एसटीच्या तिकिटामागे रेघा ओढायला सुरुवात केली. पाऊण तासात तेवीस माणसे जिना चढली. म्हणजे लोक येतच नव्हते, हे खरे नव्हते. तेविसांपैकी वीस माणसे मधल्या टप्प्यापर्यंत गेली, उजवीकडे वर पाहिले आणि परत फिरली.

परतणाऱ्यांतल्या एका तरुणाने झुलालना विचारले, "काका, वर काही लफडं झालं का?"

"काहीतरी झालं असेल," झुलाल म्हणाले.

"काय झालं?" तरुण गेल्यावर संघमित्राबाईंनी विचारले.

"मला काय माहीत, मॅडम? लोक विचारतात, म्हणजे काहीतरी असेलच ना. उगाच कशाला विचारतील?"

संघमित्राबाईंनी कप खाली ठेवला. नूतनताईंच्या जावेच्या बहिणीपर्यंतचा सगळा रस्ता त्यांना त्या एका वाक्यात दिसला. पण रस्ता दिसला, तरी उगम दिसला नव्हता. वर पाहून लोक परत का फिरत होते?

तेवढ्यात चोविसावी व्यक्ती टप्प्यावरून खाली आली. सत्तरीच्या बाई, नऊवारी, हातात गाठ मारलेला रुमाल. असोद्याहून आल्या होत्या, नाव आक्काबाई. त्या सरळ संघमित्राबाईंपाशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोन गेलं, बाई?"

"कुठे?"

"वर. शटर अर्धी हायेत ना. मागच्या महिन्यात आली तव्हाबी असंच. दिवाळीच्या आधी आली तव्हाबी असंच. मह्या म्हाताऱ्याचं घड्याळ हाये, दुरुस्तीले आनलं. पन दुखवट्यात कसं जावं?" त्यांनी रुमाल छातीशी धरला आणि मान हलवली. "या मार्केटात मानसं लई मरतात बाप्पा!"

संघमित्राबाई अठरा पायऱ्या चढून टप्प्यावर गेल्या आणि प्रथमच, चार वाजल्यानंतर, बाहेरून वर पाहिले. अकरा शटर. अकराही अर्धी. आपण परत फिरावे असे क्षणभर त्यांच्याही पायांना वाटले. धुळ्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. शेजारचा दुकानदार वारला की शटर अर्धे येते. बंदची हाक आली की अर्धे येते. गावात कुठे काही पेटले अशी कुणकुण लागली की अर्धे येते, म्हणजे वेळ पडल्यास एका झटक्यात पूर्ण ओढता येते. लहानपणी आई भाजीखरेदी अर्धवट टाकून त्यांना हाताला धरून घरी आणायची, ती अशाच ओळीकडे पाहून. हे पाहिल्यावर कारण विचारत थांबायचे नसते.

त्या आक्काबाईंना घेऊन वर गेल्या. "वाकून या, आक्का. कोणी गेलेलं नाही. सगळे आत बसून गिऱ्हाईक का येत नाही याचा विचार करताहेत."

आधारभाऊंनी घड्याळ घेतले, पावती दिली, वहीत लिहिले: ४ वा. ५२ मि. लिहून झाल्यावर त्यांनी त्या आकड्याकडे थोडे जास्त वेळ पाहिले.

"भाऊ, शटर कशाला ओढतोस?"

"ऊन येतं. भिंगातून डोळ्यात सुई खुपसल्यासारखं होतं. रतिलालशेठचं कापड विटतं. सगळेच ओढतात."

"केव्हापासून येतं?"

"ऊन? ऊन काय, पहिल्यापासूनच..." ते थांबले. भिंग काढून हातात घेतले. "नाही. आधी नव्हतं येत."

"आधी समोर काय होतं?"

दोघे शटरखालून वाकून गॅलरीच्या कठड्यापाशी गेले. रस्त्यापलीकडे पत्रे ठोकलेला रिकामा भूखंड होता. त्यावर मार्चचे ऊन सरळ, बिनअडथळा येत होते.

"तारामती टॉकीज," आधारभाऊ हळूच म्हणाले. "टाळेबंदीत बंद पडली ती उघडलीच नाही. एकवीसच्या नोव्हेंबरात पाडली. तिची मागची भिंत आपल्याकडे होती. कोरी, उंच. दुपारचा शो सुटायच्या आधीच तिची सावली इथे टेकायची. आम्ही म्हणायचो, पडद्यावर काही असो, सावली फुकट आहे."

संघमित्राबाईंनी पावलांनी गॅलरी मोजली: आठ फूट. छताची कड जमिनीपासून नऊ फूट उंच, काउंटर तीन फूट. म्हणजे सूर्य समोरून सदतीस अंशांच्या खाली आला की ऊन काउंटरवर पोचणार. आणि ते डिसेंबरात लवकर, मेमध्ये उशिरा. वहीत तेच लिहिलेले होते. ढग असले की ऊन नाही, ऊन नसले की शटर वर, शटर वर असले की गिऱ्हाईक. छत्तीस घड्याळे पावसाळ्याची. उरलेल्या पाचांच्या तारखा त्यांनी पुन्हा पाहिल्या. त्यांतल्या चार दिवशी अवकाळी पाऊस पडल्याचे आधारभाऊंना आठवत होते, कारण गारांनी केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. पाचव्या दिवसाचे कारण त्यांना आठवेना, आणि संघमित्राबाईंनी ते तसेच अनुत्तरित राहू दिले.

"एवढंच?" शेजारून येऊन सगळे ऐकत उभे राहिलेले रतिलालशेठ म्हणाले. "ताई, दुसऱ्याच्या दुकानाचं शटर अर्धं दिसलं तर मी स्वतः घरी पळतो. आणि तीन वर्षं रोज..." त्यांनी वळून आपल्या शटरकडे पाहिले. मग त्यांनी एकदम विचारले, "पण चोर?"

"पोलीस चौकीत विचारू या."

चौकीतल्या हवालदारांनी रजिस्टर चाळून सांगितले, की त्या मजल्यावरून तीन वर्षांत एकच तक्रार आली होती. उंदरांनी वायर कुरतडल्याची, आणि ती घेऊन वीज मंडळाकडे जायला त्यांनी सांगितले होते.

रतिलालशेठचा भाचा अभिमन याची सावद्याला केळीची रोपवाटिका होती. शनिवारी दुपारी तो हिरव्या जाळीचे दोन गुंडाळे घेऊन आला आणि गॅलरीच्या कडेला ती बांधली. ऊन गाळून आत येऊ लागले. चार वाजता कोणीही काठी हातात घेतली नाही. त्या संध्याकाळी सव्वीस माणसे टप्प्यापर्यंत चढली. परत फिरली तीन, आणि त्यांतल्या एकाला खाली फोनवर कोणीतरी बोलावले होते. आधारभाऊंकडे चार घड्याळे आली.

रविवारी बाजार बंद. सोमवारी सकाळी संघमित्राबाईंनी जाळी सोडायला सांगितली.

"सोडायची?" रतिलालशेठ ओरडलेच. "ताई, तीन वर्षांनी दुकान चालायला लागलं आणि तुम्ही ते बंद पाडून बघता?"

"एक दिवस. शनिवार होता म्हणून गर्दी झाली असेल, तर?"

"आधारभाऊ, समजवा हो हिला!"

"मी सदुसष्ट वर्षांचा झालो, शेठ," आधारभाऊ म्हणाले. "ही बासष्ट वर्षांची आहे. म्हणजे बासष्ट वर्षं प्रयत्न चालू आहे. लहानपणी आमचं एकुलतं एक गजराचं घड्याळ हिनं उघडून ठेवलं होतं, ते कसं चालतं ते बघायला. ते जोडता जोडता मी हा धंदा शिकलो."

सोमवारी शटर अर्धी आली. एकवीस चढली, अठरा परत फिरली. मंगळवारी जाळी पुन्हा बांधली. चोवीस चढली, दोन परत फिरली. मंगळवारी गॅलरी साडेसातपर्यंत उघडी होती आणि दिवे लागलेले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी सपना कामावरून परस्पर बाजारात आली. जिना चढताना तिने सवयीने पर्स छातीशी धरली होती. टप्प्यावर ती थांबली. वर अकरा दुकाने उघडी, दिव्यांची ओळ, आणि चौथ्या दुकानात वडील एका असोद्याच्या आजीबाईंशी वाद घालत होते. आजीबाईंचे म्हणणे होते की घड्याळ दोन मिनिटे पुढेच असू द्या, म्हातारा तसेच लावायचा.

"आत्या, सही?" आत येऊन तिने हळूच विचारले.

संघमित्राबाईंनी पर्समधून अर्ज काढून तिच्या हातात दिला. "तुझी भीती खोटी नव्हती. मजला खरंच ओस पडला होता. पण तो धोक्यामुळे ओस पडला नव्हता. ओस पडला म्हणून धोक्याचा वाटत होता. आणखी एक सांगते. ही जाळी २०१९ परत आणणार नाही. घड्याळं कमीच येतील, टॉकीजची माणसंही येणार नाहीत. एवढं धरून ठरवा, तुम्ही दोघं."

सपनाने वडिलांकडे पाहिले. ते आजीबाईंचे घड्याळ कानाला लावून ऐकत होते. एवढे लक्षपूर्वक ते घरी कशाचेच ऐकत नसत.

"पप्पा, रात्री घ्यायला मी येत जाईन. आठला," ती म्हणाली.

"साडेआठला ये," आधारभाऊ म्हणाले.

बुधवारी अर्ज दिला गेला नाही. सकाळच्या गाडीने निघण्यापूर्वी संघमित्राबाईंनी तो सपनाकडून परत मागून घेतला, मागे उलटून कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या आणि नोंदवहीत, २०२२ चे पहिले पान सुरू होते तिथे, तो चिकटवला:

"समोरच्या तारामती टॉकीजची भिंत नोव्हेंबर २०२१ मध्ये पाडली गेली. त्यामुळे दुपारनंतर पश्चिमेचे ऊन गॅलरीत येऊ लागले. उन्हासाठी दुकानदार शटर अर्धे ओढत. ते पाहून गिऱ्हाइकांना वाटे की कोणी वारले आहे किंवा काही घडले आहे, आणि ती परत फिरत."